दिवस आणि वजन : अपुऱ्या दिवसांच्या अर्भकाच्या वैद्यकीय इतिहासातील एक प्रकरण

मराठीत गर्भारपणाची सारी गणना 'दिवस' या एका शब्दावर चालते. स्त्रीला दिवस जातात, तिचे दिवस भरत येतात, दिवस पुरे होतात. आणि ते पुरे होण्याच्या आधीच प्रसूती झाली तर जन्मास येणारे मूल 'अपुऱ्या दिवसांचे' ठरते. हाच वाक्प्रचार आयुष्याच्या दुसऱ्या टोकालाही लागू होतो. एखाद्याचे 'दिवस भरले' असे म्हटले की त्याचा अंत ओढवला, असाच अर्थ ऐकणारा घेतो. जन्म काय आणि मृत्यू काय, दोहोंनाही एक नेमलेली मुदत असते आणि ती भरल्याशिवाय घडणारी गोष्ट ही अवेळीची, अशी ही कल्पना होय.

आधुनिक वैद्यकाने मात्र या अर्भकाची गणना दीर्घ काळ दिवसांवर केली नाही. ती तराजूवर, ग्रॅमांत केली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून १९६१ पर्यंत 'अकाल जन्म' याचा व्यवहारातील अर्थ 'कमी वजन' असाच राहिला आणि त्यानंतर शास्त्राला पुन्हा दिवसांकडे वळावे लागले. ही गणना का बदलली आणि तिच्या पायी कोणते प्रश्न दृष्टीस पडले व कोणते झाकले गेले, याचा मागोवा घेतल्यास नवजात अर्भकाच्या शुश्रूषेचा इतिहास केवळ यंत्रांचा व औषधांचा इतिहास राहत नाही. तो नामकरणाचा व नोंदीचाही इतिहास होतो.

प्राचीन ग्रंथांत दिवसांची गणना महिन्यांच्या रूपाने येते. गर्भाच्या आठव्या महिन्यात ओज अस्थिर असते, म्हणून त्या महिन्यात जन्मलेले मूल जगत नाही, असे मत सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात आढळते. चरकसंहितेत हे ओज मातेकडून गर्भाकडे व गर्भाकडून मातेकडे ये-जा करते, अशी त्याची उपपत्ती दिलेली आहे. आश्चर्याची गोष्ट ही की हिपॉक्रेटीसच्या नावावर असलेल्या ग्रीक ग्रंथसमूहात 'आठव्या महिन्याचे मूल' या विषयावर एक स्वतंत्र प्रकरणच आहे, आणि त्याचाही निष्कर्ष हाच की सातव्या महिन्याचे मूल जगू शकते, आठव्याचे जगत नाही. ही समजूत महाराष्ट्रातील घराघरांतून आजही ऐकू येते. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे : गर्भाशयात काढलेल्या प्रत्येक आठवड्यागणिक जगण्याची शक्यता वाढत जाते. असे असता ही समजूत दोन दूरच्या संस्कृतींत दोन हजार वर्षे कशी तगून राहिली? तिच्या खंडनाचा पुरावा तीच गिळून टाकीत असावी, हे उत्तर सर्वांत संभवनीय दिसते. आठव्यात जन्मलेले मूल जगले की ते नवव्याचे किंवा सातव्याचे असले पाहिजे, असा हिशेब मागाहून करता येत होता. दिवसांची गणना मातेच्या आठवणीवर अवलंबून होती, आणि आठवण ही निष्कर्षाप्रमाणे वाकवता येते.

या गणनेच्याही आधी एक दुसरी अडचण होती. मूल गणनेत केव्हा येते, हीच ती अडचण. रूढीप्रमाणे बारसे बाराव्या दिवशी होते. त्याआधी पाचवीला सटवाईची पूजा होते आणि ती बाळाच्या कपाळी त्याचे भविष्य लिहून जाते, अशी श्रद्धा असे. म्हणजे मृत्यूची शक्यता सर्वांत अधिक असते ते दिवस मूल नावावाचून काढते. या दिवसांत मूल गेले तर 'मूल हाती लागले नाही' असे म्हणत. या वाक्प्रचारात मृत जन्मलेले, घटकाभर श्वास घेऊन गेलेले आणि आठवडाभर जगलेले अशी तिन्ही मुले एकत्र येतात. त्यांच्यात भेद करण्याची गरज भाषेला भासलेली दिसत नाही. ज्या घरात मुले अशी जात, त्या घरात पुढच्या मुलाला दगडू, धोंडू, केरू यांसारखे टाकाऊ वस्तूचे नाव ठेवीत, जेणेकरून मृत्यूची दृष्टी त्याच्यावर पडू नये. ही नावे विनोदाने घेण्याचा प्रघात अलीकडचा आहे. एखाद्या वंशावळीत असे नाव आढळल्यास त्याच्या आधी न नोंदलेली एक किंवा अनेक मुले होऊन गेली असण्याचा संभव अभ्यासकाने लक्षात घ्यावा.

कल्याण येथे १८६५ साली जन्मलेल्या आनंदीबाई जोशी यांना वयाच्या चौदाव्या वर्षी झालेला मुलगा दहा दिवस जगला. या मृत्यूने त्यांना वैद्यकीकडे वळवले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. १८८६ साली फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयाची पदवी घेताना त्यांनी आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हाच प्रबंधाचा विषय निवडला होता, याकडे मात्र त्या मानाने कमी लक्ष दिले जाते. १८८७ च्या फेब्रुवारीत त्यांचे निधन झाले. त्या शिकत होत्या त्याच वर्षांत अटलांटिकच्या पलीकडे, पॅरिसमध्ये, अशा अर्भकांसंबंधी एक वेगळा प्रयोग चालू होता.

पॅरिसच्या मातेर्निते या प्रसूतिगृहातील वैद्य स्तेफान तार्निये यांनी १८७८ साली तेथील प्राणिसंग्रहालयात कोंबडीची अंडी उबवण्याची यंत्रे पाहिली आणि ती तयार करणाऱ्या ओदिल मार्तँ यांच्याकडून अर्भकांसाठी तसेच यंत्र करवून घेतले. १८८० च्या सुमारास ते प्रसूतिगृहात बसवले गेले. लाकडी दुहेरी पेटी, खाली गरम पाण्याचा साठा आणि वर मुले, एवढीच त्याची रचना होती. कोमट पाण्याने वेढलेल्या पाळण्याची कल्पना त्याआधीही अनेकांना सुचली होती; बोर्दो येथील देन्यूसे यांनी १८५७ सालीच तिचे वर्णन प्रसिद्ध केले होते. तार्निये यांचे वेगळेपण यंत्रात नसून हिशेबात आहे. त्यांचे शिष्य ओव्हार यांनी १८८३ साली जो वृत्तांत छापला त्यात दोन हजार ग्रॅमांहून कमी वजनाच्या अर्भकांचे मृत्यूचे प्रमाण शेकडा ६६ वरून ३८ वर आल्याचे दाखवले होते. पेटीच्या आधी किती व नंतर किती, असा प्रश्न विचारता आला तो मुलांची वजने लिहून ठेवली होती म्हणूनच.

या पेटीला फ्रेंचांनी 'कूव्हेज' म्हटले. त्या शब्दाचा मूळ अर्थ अंड्यांवर बसलेली कोंबडी असा आहे. मराठी माणूस याच वस्तूला सरळ 'पेटी' किंवा 'काच' म्हणतो : बाळाला पेटीत ठेवले, काचेत ठेवले. एका भाषेने उबेकडे पाहिले, दुसरीने आईपासून झालेल्या वेगळेपणाकडे. पुढील इतिहास पाहता या दोन्ही नावांत तथ्य होते.

पॅरिसच्या वैद्यांनी पेटीतील मुलांना दिलेले नाव मात्र तितकेसे निरुपद्रवी नव्हते. ते त्यांना 'देबील', म्हणजे दुबळी, म्हणत. इंग्लंडच्या त्या शतकातील मृत्युनोंदीतही 'दुर्बलता' हे अर्भकमृत्यूचे नित्याचे कारण असे. हे कारण नव्हेच. मूल दुबळे होते म्हणून मेले आणि ते दुबळे होते याचा पुरावा म्हणजे ते मेले, असे हे वर्तुळ आहे. कपाळावर सटवाईने लिहिले या उत्तराहून ते फारसे पुढे गेलेले नाही. फरक एवढाच की लेखणी देवतेच्या हातातून निसर्गाच्या हातात आली. दोन्ही उत्तरांत मृत्यूचे बीज मुलाच्या ठिकाणी आहे आणि म्हणून कोणाचाच दोष नाही.

तार्निये यांचे दुसरे शिष्य प्येर ब्यूदँ यांनी हे वर्तुळ तोडले. मातेर्नितेत दुबळ्या मुलांसाठी १८९३ साली सुरू झालेला स्वतंत्र विभाग १८९५ मध्ये त्यांच्याकडे आला. १९०० साली प्रसिद्ध झालेल्या 'ल नूरिसाँ' या व्याख्यानसंग्रहात त्यांनी दुर्बलता या एका शब्दाचे तीन प्रश्न केले : मुलाला ऊब कशी द्यावी, त्याला काय व कसे पाजावे, आणि त्याला रोगसंसर्गापासून कसे दूर ठेवावे. प्रत्येक मुलाचे वजन व तापमान नोंदून ते मृत्यूशी ताडून पाहता असे दिसले की थंड पडलेल्या मुलांतील मृत्यूचे प्रमाण त्याच वजनाच्या उबदार मुलांपेक्षा कितीतरी अधिक आहे. म्हणजे 'दुर्बलता' हा मुलाचा स्वभाव नसून त्याला थंड पडू दिल्याचाही परिणाम होता. ब्यूदँ यांनी आणखी एक निरीक्षण नोंदवले आहे आणि ते त्यांच्या साऱ्या तक्त्यांहून मोलाचे वाटते. ज्या माता आपल्या मुलाला पाजण्यासाठी येऊ शकत नाहीत, त्यांचा मुलाविषयीचा ओढा ओसरतो. म्हणून मातेला पेटीपाशी येऊ द्यावे, असा त्यांचा आग्रह होता. त्यांच्या अनुयायांनी तराजू घेतला आणि हा आग्रह बहुतांशी सोडून दिला.

तो कसा सुटला, याचे एक विचित्र प्रकरण अमेरिकेत घडले. १८९६ च्या बर्लिन प्रदर्शनात मार्टिन कूनी यांनी पेट्यांतील जिवंत अर्भकांचे दालन मांडले आणि लोकांनी तिकिटे काढून ते पाहिले. पुढे १९०३ ते १९४३ अशी चाळीस वर्षे न्यूयॉर्कच्या कोनी आयलंड या जत्रेच्या ठिकाणी, झुल्यांच्या व खेळांच्या शेजारी, कूनी यांचे हे दालन दर उन्हाळ्यात चाले. पालकांकडून ते पैसा घेत नसत. खर्च तिकिटांतून निघे. त्यांच्यापाशी वैद्यकीय पदवी असल्याचा पुरावा नंतरच्या संशोधकांना सापडलेला नाही. तथापि ज्या काळात बहुतेक रुग्णालये ही मुले स्वीकारीत नसत, त्या काळात या तंबूत ती जगली, हे नाकारता येत नाही. शिकागोचे ज्यूलियस हेस यांनी १९२२ साली रुग्णालयात अकाल जन्मलेल्या मुलांसाठी कायमचा विभाग उघडला, आणि कूनींशी असलेला आपला स्नेह त्यांनी लपवला नाही. प्रदर्शनाची निर्भर्त्सना करणे सोपे आहे. त्या काळच्या वैद्यकाची अनास्था अधिक निर्भर्त्सनीय होती.

वजनाचा आकडा पक्का झाला तो याच सुमारास. फिनलंडचे आर्वो इल्प्यो यांनी १९१९ साली २५०० ग्रॅम ही सीमा सुचवली. त्यामागचा विचार व्यवहार्य होता. मातेने सांगितलेली तारीख चुकू शकते, तराजू चुकत नाही. १९४८ साली जागतिक आरोग्य संघटनेने ही सीमा स्वीकारली आणि २५०० ग्रॅम वा त्याहून कमी वजनाचे प्रत्येक मूल जगभर 'अकाल जन्मलेले' ठरले.

एका सोयीसाठी घेतलेला हा आकडा आशियाच्या बाबतीत फारच महागात पडला. भारतात असंख्य मुले नऊ महिने पूर्ण भरून जन्मास येतात आणि तरीही त्यांचे वजन अडीच किलोंपर्यंत पोचत नाही. कारण त्यांच्या मातांचे पोषण अपुरे असते, त्या वयाने लहान असतात, पंडुरोगाने वा हिवतापाने क्षीण झालेल्या असतात. अशा मुलाला 'अकाल जन्मलेले' म्हणताच त्याचा प्रश्न काळाचा होतो, मातेच्या उपासमारीचा राहत नाही. १९६१ मध्ये संघटनेच्या तज्ज्ञ समितीने ही चूक दुरुस्त केली : २५०० ग्रॅमांखालील मुलास केवळ 'कमी जन्मवजनाचे' म्हणावे आणि अकालत्व हे गर्भावधीवरून ठरवावे. १९६३ साली डेन्व्हर येथील लूला लुबचेंको यांनी गर्भाच्या प्रत्येक आठवड्याला किती वजन अपेक्षित आहे, याचे आलेख प्रसिद्ध केले. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून सुमारे एक मैल उंचीवर वसलेले असल्याने तेथील मुले मुळातच किंचित हलकी असतात, ही त्या आलेखांची उणीव पुढे दाखवली गेली. परंतु दिवस आणि वजन हे दोन वेगळे अक्ष आहेत, ही गोष्ट त्या आलेखांनी कायमची स्थापित केली.

राहिला प्रश्न मातेच्या आठवणीचा. त्याचे उत्तर १९७० साली लिली व व्हिक्टर डुबोविट्झ यांनी मुलाच्या शरीरातच शोधले. त्वचेची जाडी, कानाच्या पाळीचा ताठरपणा, तळपायावरील रेषा, हातपाय आखडून घेण्याची ढब, यांवरून मूल किती आठवड्यांचे आहे हे ठरवण्याची पद्धती त्यांनी घालून दिली. तारीख सांगणारे कोणी नसले तरी ती वाचता येऊ लागली.

नावाने दिशाभूल केल्याचे याहूनही ठळक उदाहरण श्वसनाच्या विकारासंबंधीचे आहे. अपुऱ्या दिवसांची अनेक मुले जन्मानंतर काही तासांतच कण्हू लागत, त्यांच्या फासळ्या प्रत्येक श्वासागणिक आत ओढल्या जात आणि दोन-तीन दिवसांत ती दगावत. शवविच्छेदन करणाऱ्यांना त्यांच्या फुप्फुसांत काचेसारखे एक पटल आढळे; म्हणून विकाराचे नावच 'काचपटल-विकार' पडले. हे नाव मिळाल्यावर पटल कोठून आले याचा शोध घेणे ओघानेच आले. मुलाने काही गिळले असेल, बाहेरचे काही श्वासाबरोबर आत गेले असेल, अशा उपपत्ती पुढे आल्या. त्या साऱ्या काहीतरी अधिक आहे असे गृहीत धरून चालत होत्या. प्रत्यक्षात काहीतरी उणे होते.

ते उणे काय, याचा धागा एका अनपेक्षित ठिकाणाहून आला. विषारी वायूंचे फुप्फुसांवरील परिणाम अभ्यासणाऱ्या इंग्लंडमधील पॅटल यांना १९५५ साली असे आढळले की फुप्फुसातून निघणाऱ्या फेसाचे बुडबुडे विलक्षण टिकाऊ असतात. अमेरिकेतील क्लेमंट्स यांनी १९५७ मध्ये फुप्फुसातील द्रव्य पृष्ठताण कमी करते हे मापनाने दाखवले. वायुकोश हे सूक्ष्म बुडबुडेच होत, आणि पृष्ठताण कमी करणारे द्रव्य नसेल तर ते उच्छ्वासाबरोबर मिटून जातात. मेरी एलन ॲव्हरी या तरुण डॉक्टरांच्या ध्यानात आले होते की या विकाराने गेलेल्या अर्भकांच्या फुप्फुसांत फेस नसतो. जेरे मीड यांच्याबरोबर १९५९ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निबंधात या मुलांच्या फुप्फुसांतील अर्काचा पृष्ठताण इतरांपेक्षा पुष्कळच अधिक असल्याचे सिद्ध झाले. ज्या द्रव्याची उणीव होती ते 'सरफॅक्टंट', आणि ते गर्भात पुरेसे तयार होते ते अखेरच्या आठवड्यांत. पटल हा परिणाम होता. गर्भाचे दिवस हे कारण होते, वजन नव्हे.

हे ज्ञान झाले तरी उपाय लगोलग हाती आला नाही. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक ७ ऑगस्ट १९६३ रोजी सुमारे साडेपाच आठवडे आधी जन्मला. त्याचे वजन दोन किलोंहून थोडे अधिक होते. बॉस्टनच्या बालरुग्णालयात त्याला अधिक दाबाच्या प्राणवायूच्या कोठडीत ठेवून पाहिले गेले, पण ३९ तासांनी तो गेला. आज या दिवसांचे व या वजनाचे मूल सुसज्ज रुग्णालयात बहुधा वाचते. जगातील सर्वांत बलाढ्य माणसाला त्या वेळी जे मिळू शकले नाही ते आज जिल्ह्याच्या ठिकाणीही मिळू शकते, असे म्हणण्यात फारशी अतिशयोक्ती नाही. १९७१ साली सॅन फ्रान्सिस्को येथील ग्रेगरी यांनी वायुकोश मिटू नयेत म्हणून सतत हलका दाब देण्याची पद्धती २० मुलांवर योजली आणि त्यांतील १६ वाचली. १९८० साली जपानमधील फुजिवारा यांनी गाईच्या फुप्फुसापासून काढलेले सरफॅक्टंट १० मुलांच्या श्वासनलिकेत घातले आणि त्यांचा श्वास सुधारला.

याच काळात सद्भावनेने केलेला उपचारही कसा घात करतो, याचा धडा प्राणवायूने दिला. १९४० नंतर पेट्यांत प्राणवायू मुक्तहस्ते सोडला जाऊ लागला. १९४२ मध्ये बॉस्टनच्या टेरी यांनी अशा मुलांत भिंगामागे वाढणाऱ्या तंतूंचे व त्यातून येणाऱ्या अंधत्वाचे वर्णन केले. पुढील सुमारे दहा वर्षांत जगभर जवळजवळ दहा हजार मुले अंध झाली. मेलबर्नच्या केट कॅम्पबेल यांनी १९५१ साली प्राणवायूवर संशय घेतला. १९५३-५४ मध्ये अमेरिकेतील १८ रुग्णालयांनी मिळून केलेल्या चाचणीने तो खरा ठरवला, प्राणवायू आखडता घेतल्याने मृत्यू वाढत नाहीत असेही सांगितले, आणि सर्वत्र प्राणवायू रोखला गेला. मात्र चाचणीत मुले घेतली होती ती जन्मानंतर ४८ तास उलटल्यावर. पहिल्या दोन दिवसांचे मृत्यू तिने मोजलेच नव्हते. १९७३ साली लंडनचे केनेथ क्रॉस यांनी पहिल्या दिवसाच्या मृत्यूंचे आकडे तपासून असा अंदाज मांडला की अंधत्वापासून वाचलेल्या प्रत्येक मुलामागे सुमारे १६ मुले मरण पावली असावीत. हा अंदाज विवाद्य मानला तरी, बारशाच्या आधीचे दिवस नोंदीतून निसटण्याचा दोष केवळ रूढीप्रिय समाजाचा नव्हता, हे त्यावरून ध्यानी येते.

दिवसांच्या गणनेचे महत्त्व सर्वांत स्पष्ट झाले ते मातेला द्यावयाच्या एका औषधाने. न्यूझीलंडचे लिगिन्स यांनी मेंढ्यांवर प्रयोग करताना एक अकाली जन्मलेले कोकरू अपेक्षेपेक्षा अधिक काळ जगलेले पाहिले. त्याची फुप्फुसे अंशतः उघडली होती, आणि ते स्टेरॉइडचे फळ असावे असे त्यांनी ओळखले. होवी यांच्यासह त्यांनी २८२ मातांवर केलेली चाचणी १९७२ साली प्रसिद्ध झाली. श्वसनविकाराचे प्रमाण शेकडा २५.८ वरून ९ वर आणि पहिल्या आठवड्यातील मृत्यूचे प्रमाण १५ वरून ३.२ वर आले होते. एवढा स्वच्छ पुरावा असूनही हे स्वस्त इंजेक्शन सर्वमान्य होण्यास वीस वर्षांहून अधिक काळ गेला. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या परिषदेने त्याची निःसंदिग्ध शिफारस केली ती १९९४ साली. वैद्यकाच्या इतिहासात शोधांच्या तारखा ठळक छापल्या जातात. शोध आणि त्याचा स्वीकार यांमधील वर्षांत किती मुले गेली, हा रकाना बहुधा रिकामा असतो.

हे औषध प्रसूतीच्या आधी द्यावयाचे असते. गर्भातील मूल तराजूत घालता येत नाही. तेथे दिवसच मोजावे लागतात. ते नीट मोजले नाहीत तर काय होते, हे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीने दाखवले. सहा देशांत झालेल्या या चाचणीच्या भारतीय केंद्रांत नागपूर व बेळगाव यांचा समावेश होता. गावपातळीवर, गर्भावधी अदमासाने ठरवून, स्टेरॉइडचा वापर वाढवण्यात आला. ज्या मातांना ते मिळाले त्यांतील पुष्कळजणी वस्तुतः अकाली प्रसूत झाल्याच नाहीत, आणि एकंदर नवजात मृत्यू कमी न होता दर हजारी सुमारे ३.५ ने वाढले. पुढे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या, भारतासह पाच देशांतील रुग्णालयांत सोनोग्राफीने दिवस निश्चित करून केलेल्या चाचणीत त्याच औषधाने मृत्यूचे प्रमाण शेकडा २३.५ वरून १९.६ वर आले. औषध एकच, निर्णय फिरवला तो दिवसांच्या गणनेने व भोवतीच्या शुश्रूषेने.

दरम्यान पेटीचाही पुनर्विचार झाला होता. कोलंबियाची राजधानी बोगोटा येथील गर्दीच्या प्रसूतिगृहात पेट्या अपुऱ्या पडत आणि एकाच पेटीत ठेवलेल्या मुलांत संसर्ग पसरे. १९७८ साली एद्गार रेय यांनी, आणि त्यांच्याबरोबर एक्तोर मार्तीनेस यांनी, मुलाला आईच्या छातीशी, त्वचेला त्वचा लावून, उभे बांधून ठेवण्याची पद्धती सुरू केली. बराच काळ ती गरिबांची तडजोड मानली गेली. २०२१ साली भारत व आफ्रिकेतील चार देश यांतील चाचणीचा निष्कर्ष असा निघाला की मुलाची प्रकृती स्थिरावण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच असे केल्यास २८ दिवसांतील मृत्यूचे प्रमाण शेकडा १५.७ वरून १२ वर येते. ब्यूदँ यांचा सोडून दिलेला आग्रह एकशेवीस वर्षांनी सांख्यिकीच्या भाषेत परत आला, असे म्हणावयास हरकत नाही.

महाराष्ट्रापुरते पाहावयाचे तर या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचे पान गडचिरोली जिल्ह्यात लिहिले गेले. राणी व अभय बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने १९९३ ते १९९८ या काळात ३९ गावांत घरच्या घरी नवजात शुश्रूषेचा प्रयोग केला आणि ४७ गावे तुलनेसाठी ठेवली. गावातीलच अल्पशिक्षित स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिकवले गेले. बाळंतपणाला हजर राहणे, मुलाचे वजन व तापमान नोंदणे, श्वास न घेणाऱ्या मुलाला श्वास देणे, थंड पडणाऱ्याला उबदार ठेवणे आणि जंतुदोषाची लक्षणे दिसताच प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे, ही त्यांची कामे होती. त्यांच्या नोंदींतून ७६३ नवजात मुलांचे जे चित्र उभे राहिले त्यात सुमारे ४२ टक्के मुले कमी वजनाची होती, पण अपुऱ्या दिवसांची केवळ १० टक्क्यांच्या आसपास. १९४८ ची व्याख्या लावली असती तर या ४२ टक्क्यांना सरसकट अकाल जन्मलेली म्हटले गेले असते. शिवाय मृत्यू बहुधा एकाच कारणाने येत नाही, अपुरे दिवस, थंडी, जंतुदोष अशी दोन-तीन कारणे एकत्र जुळतात, आणि त्यांतील एखादे काढून घेतले तरी मूल वाचू शकते, हेही त्या नोंदींनी दाखवले. प्रयोगाच्या गावांत नवजात मृत्युदर दर हजारी ६२ वरून २५.५ वर आला. तुलनेच्या गावांशी ताडता ही घट ६२ टक्क्यांची ठरली. १९९९ च्या डिसेंबरात 'लॅन्सेट' या नियतकालिकात हा वृत्तांत छापला गेला.

या कार्याची दुसरी बाजू मोजणीची होती. महाराष्ट्रातील अनेक संस्थांनी एकत्र येऊन २००१ साली 'कोवळी पानगळ' हा अहवाल प्रसिद्ध केला; सरकारी दप्तरात दिसणाऱ्या बालमृत्यूंपेक्षा प्रत्यक्षातील मृत्यू कितीतरी अधिक आहेत, हा त्याचा रोख होता. वगळले जाणारे मृत्यू प्रामुख्याने पहिल्या दिवसांतले होते. मूल हाती लागले नाही म्हणून ते जन्मातही लिहिले जात नसे आणि मृत्यूतही.

२०११ पासून केंद्र शासनाच्या आशा कार्यकर्त्या देशभर या घरगुती शुश्रूषेचे काम करतात. नमुना नोंदणी पद्धतीनुसार २०२० साली भारतात दर हजार जन्मांमागे २८ अर्भकमृत्यू झाले, त्यांपैकी २० पहिल्या अठ्ठावीस दिवसांतले. आशेच्या भेटी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशी ठरलेल्या असतात, आणि घरी बाळंतपण झाले असल्यास पहिल्या दिवशीही. प्रत्येक भेटीत ती झोळीच्या तराजूत मूल तोलते आणि तपासणीच्या तक्त्यात वजन लिहिते. बाराव्या दिवसाच्या आत मुलाची किमान दोनदा नोंद झालेली असते. तक्त्यात तोपर्यंत नाव आईचे असते.